तासभर उकळल्यावर काय उरते?

प्रश्न : माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. दोन महिन्यांपूर्वी ते न्यूमोनियासाठी रुग्णालयात होते. तेथे अँटिबायोटिक औषधांनंतर त्यांना दिवसातून दहा-बारा वेळा जुलाब होऊ लागले आणि तपासणीत ‘सी-डिफ’ निघाले. उपचारांनी ते बरे झाले. हा जिवाणू धनुर्वाताच्या जिवाणूचा भाऊबंद आहे, असे डॉक्टर त्या वेळी म्हणाले होते. आता चार दिवसांपूर्वी बागेत माती उकरताना दाताळ्याचा एक दात बुटातून आरपार जाऊन त्यांच्या तळपायात शिरला. रक्त फारसे आले नाही. आईने गरम पाण्याने पुसून घट्ट पट्टी बांधली. दाताळे नवे आहे, त्याला गंज नाही, म्हणून इंजेक्शन घेतले नाही, आणि शेवटची लस कधी घेतली ते त्यांना आठवत नाही. पोटात राहिलेल्या सी-डिफच्या जिवाणूंपासून धनुर्वात होऊ शकतो का? दुसरे असे, की मी भाज्या बरण्यांत भरून, बरण्या तासभर उकळत्या पाण्यात ठेवून, महिनोन्‌महिने साठवते. सोललेला लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवते. हे जिवाणू अन्नातही असतात असे वाचल्यापासून मनात धास्ती आहे. पण तासभर उकळल्यावर कोणता जिवाणू उरणार? बहिणीचे आठ महिन्यांचे बाळही सध्या आमच्याकडेच आहे.

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र हाती आले त्याच दिवशी मी तुम्हाला एवढेच कळवले होते, की सविस्तर उत्तराची वाट न पाहता वडिलांना लगेच दवाखान्यात न्यावे आणि तोवर बरण्यांना कुणी हात लावू नये. तुम्ही तसे केलेत, जखम उघडून नीट धुतली गेली, लस आणि तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन अशी दोन्ही टोचली गेली, हे कळल्यावर जिवात जीव आला. आता शांतपणे लिहितो, कारण तुमचे तीन प्रश्न वेगवेगळे वाटत असले तरी त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे आणि ती कळली की पुढचे निर्णय तुम्हाला स्वतःलाच घेता येतील.

धनुर्वात, बॉट्युलिझम म्हणजे अन्नातल्या जिवाणूच्या विषाने येणारा लुळेपणा, वायुकोथ म्हणजे गॅस गँग्रीन, आणि सी-डिफचे जुलाब हे चारही आजार ज्या जिवाणूंमुळे होतात, त्यांना दोन सवयी समान आहेत. पहिली अशी, की त्यांना प्राणवायू सोसत नाही. १८६१ साली लुई पाश्चर यांनी असे जिवाणू प्रथम ओळखले, तेव्हा त्यांना सूक्ष्मदर्शकाखालच्या थेंबाच्या कडेला, जिथे हवा पोहोचते तिथे, जिवाणूंची हालचाल थांबलेली आणि मधोमध मात्र ती जोमाने चाललेली दिसली होती. दुसरी सवय अशी, की परिस्थिती प्रतिकूल झाली की हे जिवाणू मरण्याऐवजी बीजाणू बांधतात. जिवाणू आपले जनुकीय द्रव्य एका टणक गोळीत गुंडाळतो, गोळीतले बहुतेक पाणी काढून टाकतो, तिच्याभोवती आवरणांवर आवरणे चढवतो आणि मग त्याचा उरलेला देह विरून जातो. ही गोळी खात नाही, वाढत नाही, विषही तयार करत नाही; ती मातीत वर्षानुवर्षे पडून राहते. तिला ऊन, कोरडेपणा, अल्कोहोल आणि उकळते पाणी हे सगळे सोसते. भोवती ओल, अन्न आणि हवेचा अभाव असे तिन्ही एकत्र आले, की ती उमलते आणि पुन्हा जिवंत, वाढता जिवाणू बाहेर पडतो.

विद्यार्थिदशेत मी धनुर्वाताचा जिवाणू सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा पाहिला, तो क्षण अजून लख्ख आठवतो. बारीक काडी आणि तिच्या एका टोकाला फुगीर गोल बीजाणू, अगदी नगारा वाजवायच्या टिपरीसारखा. रंगद्रव्य काडीने शोषून घेतले होते; टोकाचा गोळा मात्र कोराच राहिला होता, कारण त्याच्या आवरणातून रंगालाही आत शिरता येत नव्हते. ज्यात रंग शिरत नाही त्यात जंतुनाशक काय शिरणार, हे शिक्षकांनी सांगण्याआधीच त्या काचपट्टीने मला सांगितले होते.

आता वडिलांच्या पायाकडे येतो. गंज नाही म्हणून धोका नाही, ही समजूत फार जुनी आणि फार घातक आहे. गंजाचा धनुर्वाताशी थेट संबंध काहीच नाही. गंजलेली वस्तू बहुधा मातीत पडलेली असते, म्हणून दोघांची सांगड बसली, एवढेच. धोका मातीत असतो. १८८४ साली आर्थर निकोलायर या जर्मन डॉक्टरांनी बागेतली साधी माती प्राण्यांच्या त्वचेखाली घातली आणि त्यांना धनुर्वात झाला. दाताळे कालच दुकानातून आणलेले असो, ते ज्या मातीत रुतले होते ती माती फार जुनी आहे, आणि माती व जनावरांचे शेण ही तर या बीजाणूंची घरेच आहेत.

जखमेच्या आकाराबद्दलही आपला अंदाज चुकतो. रुंद, वाहणारी जखम पाहून आपण घाबरतो आणि टोचल्यासारख्या जखमेकडे दुर्लक्ष करतो. या जिवाणूंच्या बाबतीत हिशेब उलटा आहे. उघड्या जखमेत रक्त खेळते, हवा लागते, घाण वाहून जाते. दाताळ्याचा दात मात्र बुटाच्या तळव्याचे कण आणि माती सोबत घेऊन आत गेला, बाहेर येताना त्याच्यामागे त्वचा मिटली आणि आत एक लहानसा, अंधारा, हवा नसलेला कप्पा तयार झाला. वर घट्ट पट्टी बांधल्याने तो आणखी बंद झाला. आईंना दोष देऊ नका, जखम झाकावी असेच आपण सगळे शिकलो आहोत. पुढच्या वेळी मात्र जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने भरपूर वेळ धुवावी, पट्टी सैल ठेवावी आणि खोल टोचलेली जखम त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. आत अडकलेला कापडाचा धागा किंवा बुटाचा तुकडा निघाला नाही, तर वरून कितीही औषध ओतले तरी ते आत पोहोचत नाही.

धनुर्वातात जिवाणू स्वतः शरीरभर पसरत नाही. तो जखमेतच राहतो आणि त्याचे विष मज्जातंतूंवाटे मज्जारज्जूपर्यंत चढत जाते. आपले स्नायू आखडावेत यासाठी जसे संदेश असतात, तसेच त्यांना सैल सोडणारे संदेशही असतात. हे विष त्या सैल सोडणाऱ्या संदेशांनाच अडवते. मग सगळे स्नायू एकाच वेळी ताणले जातात, जबडा मिटतो, मान आणि पाठ धनुष्यासारखी मागे वळते. मराठीत या रोगाला मिळालेले नाव किती अचूक आहे, हे रुग्ण पाहिल्यावर कळते. शिकत असताना मी असा एक रुग्ण पाहिला. खोलीत अंधार ठेवला होता, सगळे दबक्या पावलांनी वावरत होते, आणि बाहेर कुणाच्या तरी हातून चमचा पडला तेवढ्या आवाजाने त्या माणसाचे अंग कमानीसारखे उचलले गेले. तो पूर्ण शुद्धीवर होता. डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि तोंड उघडता येत नसल्याने ओरडणेही शक्य नव्हते. ते दृश्य पाहिल्यापासून लस कधी घेतली ते आठवत नाही, असे कुणी सहज म्हणाले तरी मला अस्वस्थ वाटते.

हे विष किती प्रखर असावे? ७० किलो वजनाच्या माणसाचा जीव घ्यायला अंदाजे १७५ नॅनोग्रॅम पुरतात, आणि नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा अब्जावा भाग. मात्रा इतकी कमी असल्यामुळे आजारातून वाचलेल्या माणसाच्या शरीरात प्रतिकारशक्तीही तयार होत नाही. विषाने मरण येऊ शकते, पण शरीराला त्याची ओळख पटत नाही. म्हणून धनुर्वात होऊन गेलेल्यालाही लस घ्यावीच लागते. या लसीने किती जीव वाचले याचा अंदाज नवजात बाळांच्या आकड्यांवरून येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १९८८ साली जगात ७,८७,००० बाळे जन्मानंतर महिन्याभराच्या आत धनुर्वाताने दगावली होती. २०१८ साली ती संख्या २५,००० वर आली. त्यामागे गरोदर स्त्रियांना दिलेली लस आणि नाळ कापताना पाळलेली स्वच्छता आहे.

वडिलांना दोन इंजेक्शने का दिली, असे तुम्ही नंतरच्या पत्रात विचारले आहे. लस शरीराला प्रतिपिंडे तयार करायला शिकवते, पण त्याला वेळ लागतो. पूर्वी लस घेतल्याची खात्री नसेल आणि जखम मातीने भरलेली असेल, तर तेवढा वेळ हाताशी नसतो. म्हणून दुसऱ्या जागी तयार प्रतिपिंडे टोचतात. ती विषाला मज्जातंतूत शिरण्याआधीच गाठतात. एकदा शिरलेल्या विषाला मात्र कोणतेच औषध बाहेर काढू शकत नाही, आणि चार दिवस गेले यावर मी तुम्हाला घाई केली ती याचसाठी. लक्षणे बहुतेक वेळा ३ ते २१ दिवसांच्या दरम्यान दिसतात. तेव्हा पुढचे तीन आठवडे तोंड उघडताना जबडा ताठ वाटणे, गिळताना अडणे, मान किंवा पोट कडक होणे यांतले काहीही जाणवले, तर रात्र असली तरी थेट मोठे रुग्णालय गाठावे.

वायुकोथ हा याच कुळातला आणखी एक जखमेचा आजार आहे. पहिल्या महायुद्धात खंदकांच्या मातीने माखलेल्या जखमांमधून त्याने असंख्य सैनिकांचे बळी घेतले. तो लवकर, बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांतच दिसतो, त्यामुळे तुम्ही लिहिलेत तोवर त्याचा मुख्य काळ उलटला होता. तरीही जखम दिसते त्यापेक्षा कितीतरी जास्त दुखू लागली, सूज झपाट्याने चढू लागली, त्वचा तांबूस-तपकिरी किंवा जांभळी पडली आणि दाबल्यावर आत बुडबुडे फुटल्यासारखी कुरकुर जाणवली, तर एक तासही दवडू नये. तेथे मेलेले मांस शस्त्रक्रियेने काढणे हाच खरा उपचार असतो, औषधे त्याच्या जोडीने चालतात.

सी-डिफपासून धनुर्वात होतो का, याचे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. हे जिवाणू एका कुळातले असले तरी एकाचे रूपांतर दुसऱ्यात होत नाही. उलट सी-डिफचे आप्तपण इतके दूरचे निघाले, की २०१६ साली शास्त्रज्ञांनी त्याला धनुर्वाताच्या जिवाणूच्या क्लॉस्ट्रिडियम या प्रजातीतून काढून क्लॉस्ट्रिडिऑइडिस असे वेगळे नाव दिले. १९३५ साली तो निरोगी नवजात बाळांच्या विष्ठेत प्रथम सापडला तेव्हा निरुपद्रवीच वाटला होता. अँटिबायोटिकनंतरच्या गंभीर जुलाबांशी त्याचे नाते १९७८ मध्ये सिद्ध झाले. आतड्यात एरवी इतर जिवाणूंची दाट वस्ती असते आणि तिच्यात त्याला हातपाय पसरायला जागा मिळत नाही. अँटिबायोटिक ती वस्ती उठवते, बीजाणू मात्र औषधाला दाद देत नाहीत, आणि रिकाम्या झालेल्या जागेत ते उमलतात.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पायासाठी कोणत्याही डॉक्टरांनी अँटिबायोटिक सुचवले, तर त्यांना आधी सांगा की दोन महिन्यांपूर्वी सी-डिफ झाले होते. ते औषध टाळतील असे नाही, गरज असेल तर द्यावेच लागेल, पण कोणते आणि किती दिवस हे ते अधिक विचारपूर्वक ठरवतील. सी-डिफ झालेल्या सुमारे ६ जणांपैकी एकाला तो २ ते ८ आठवड्यांत परत होतो आणि प्रत्येक नवे अँटिबायोटिक त्याला वाट मोकळी करून देते. दुसरी गोष्ट हातांची. अल्कोहोलच्या सॅनिटायझरने हा बीजाणू मरत नाही. साबण आणि वाहते पाणीही त्याला मारत नाही, पण चोळून आणि धुऊन ते त्याला हातावरून घालवते, आणि आपल्याला तेवढेच पुरते. जुलाब पुन्हा सुरू झाले, तर शौचालय क्लोरीनयुक्त ब्लीचने पुसावे आणि जुलाब थांबवणारी गोळी स्वतःच्या मनाने देऊ नये.

आता बरण्यांचा प्रश्न. खरे सांगायचे तर तुमच्या पत्रातला हाच भाग मी पुन्हा पुन्हा वाचला, कारण तुम्ही सगळे काळजीपूर्वक केले आहे आणि धोका नेमका त्या काळजीतूनच तयार झाला आहे. १८८९ साली कितासातो शिबासाबुरो या जपानी शास्त्रज्ञांनी धनुर्वाताचा जिवाणू इतरांपासून वेगळा काढला, त्याआधी तो कुणाला साधला नव्हता. त्यांनी जखमेतल्या सरमिसळ जिवाणूंना ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले. इतर जिवाणू मेले, बीजाणू उरले. मग त्यांनी हवा काढून तिच्या जागी हायड्रोजन भरला आणि उरलेल्या बीजाणूंना वाढू दिले. तुम्ही भाजीची बरणी तासभर उकळता तेव्हा हेच घडते. साध्या जिवाणूंचा नायनाट होतो, उकळल्याने बरणीतली हवा निघून जाते, झाकण बसते, आणि आत उरतो तो फक्त बीजाणू, ज्याला आता ओल आहे, अन्न आहे, स्पर्धक कुणी नाही आणि हवाही नाही. तासभर उकळल्यावर कोणता जिवाणू उरणार, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे.

बॉट्युलिझमच्या जिवाणूचे बीजाणू खात्रीने मारायचे तर १२१ अंश तापमान लागते, आणि उघड्या भांड्यातले पाणी १०० अंशांच्या वर जातच नाही, मग ते एक तास उकळा की चार तास. ते तापमान दाबाखालच्या वाफेतच मिळते. म्हणून भाज्या, शेंगा, मांस, मासे यांसारखे आंबट नसलेले पदार्थ बरणीबंद करायचे असतील, तर त्यासाठीच बनवलेले, दाब मोजता येणारे उपकरण आणि पदार्थानुसार तपासून ठरवलेला वेळ, या दोन्हींशिवाय ते करू नये. आंबट पदार्थांची गोष्ट वेगळी आहे. आम्लता मोजणारा पीएच हा आकडा ४.६ किंवा त्याहून खाली असेल (आकडा जितका कमी तितका पदार्थ जास्त आंबट) तर हा बीजाणू उमलत नाही, त्यामुळे पुरेशा व्हिनेगरमधल्या भाज्या आणि आंबट फळे उकळत्या पाण्यात ठेवून बरणीबंद करता येतात. तुम्हाला साठवणुकीची आवड आहे, ती सोडा असे मी म्हणणार नाही; एवढी एक सीमारेषा तेवढी पाळा.

तेलातल्या लसणाबद्दल तर मी अधिक ठाम आहे. लसूण जमिनीत वाढतो, बीजाणू त्याला चिकटूनच येतात, तो आंबट नसतो, आणि वरचे तेल हवेला झाकणासारखे अडवते. १९८५ साली कॅनडातल्या व्हँकूव्हर शहरात तेलातला चिरलेला लसूण थंड जागी न ठेवता वापरल्याने ३६ जणांना बॉट्युलिझम झाला होता. असा लसूण थोडाच करावा, फ्रिजमध्ये ठेवावा आणि चार दिवसांच्या आत संपवावा.

वास घेऊन किंवा चाखून पाहण्यावर विसंबू नका. या जिवाणूचे काही प्रकार अन्न जराही नासल्याचे कळू न देता विष तयार करतात. १८९५ साली बेल्जियममधल्या एलेझेल गावी एका अंत्यविधीनंतर वादकांच्या ताफ्याने खाल्लेल्या हॅममधूनच, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसातूनच, एमिल व्हान एर्मेनगेम या शास्त्रज्ञांनी हा जिवाणू शोधून काढला. त्या जेवणानंतर तिघे मरण पावले होते. धनुर्वाताचे विष स्नायूंना सैल होऊ देत नाही, तर हे विष त्यांना आखडूच देत नाही. बहुधा १२ ते ३६ तासांत पापण्या जड होऊन मिटू लागतात, एकाची दोन चित्रे दिसतात, जीभ अडखळते, घास उतरत नाही, आणि लुळेपणा चेहऱ्यापासून खाली उतरत श्वासाच्या स्नायूंपर्यंत जातो. ताप नसतो, शुद्ध हरपत नाही, आणि म्हणूनच पुष्कळदा थकवा समजून वेळ जातो. प्रतिविष जितके लवकर मिळेल तितके बरे. विष स्वतः उष्णतेला नाजूक आहे, ८५ अंशांवर पाच मिनिटे तापवल्यास ते नष्ट होते, हे खरे. पण संशयास्पद बरणी उकळून खाऊ या, असा अर्थ त्यातून काढू नका.

बाळाला वर्ष पूर्ण होईपर्यंत मध देऊ नका, चाटवूही नका आणि शिजवलेल्या पदार्थात घालूनही देऊ नका. मधात या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यातून ते निमूट निघून जातात, बाळाच्या आतड्यात मात्र इतर जिवाणूंची वस्ती अजून बसलेली नसते, त्यामुळे ते तिथेच उमलून विष करतात. वडिलांच्या आतड्यात अँटिबायोटिकने जी जागा रिकामी झाली होती, ती बाळात जन्मतः रिकामी असते, असे समजा. बाळाला अचानक बद्धकोष्ठ झाले, रडणे क्षीण झाले, दूध ओढण्यात जोर उरला नाही आणि मान लटकू लागली, तर बाळरोगतज्ज्ञांकडे त्वरित न्या.

रोजच्या जेवणाबद्दल एकच सांगतो. मोठ्या भांड्यात शिजवलेले मांस किंवा घट्ट रस्सा तसाच ओट्यावर कोमट राहू देऊ नये. या कुळातला परफ्रिंजन्स नावाचा जिवाणू अशा कोमट अन्नात दहा मिनिटांच्या आत दुप्पट होऊ शकतो आणि दुसऱ्या दिवशी पोटात कळा व जुलाब आणतो. अन्न पसरट भांड्यांत काढून लवकर थंड करावे आणि खाताना वाफ येईपर्यंत गरम करावे.

तुमच्याकडच्या सध्याच्या बरण्यांपैकी काही पुरेशा व्हिनेगरमधल्या असतील, तर त्या ठेवा. बाकीच्या न उघडता, न चाखता, दोन पिशव्यांत घट्ट बांधून, मुले आणि जनावरे पोहोचणार नाहीत अशा रीतीने कचऱ्यात द्या. एखादी गळत असेल किंवा झाकण फुगले असेल, तर हातमोजे घाला आणि नंतर ओटा ब्लीचने पुसून घ्या. आईंना मेहनत वाया गेल्याचे वाईट वाटेल, त्यांना हे पत्र वाचून दाखवा.

आणि वडिलांची लस अजून पूर्ण झालेली नाही. आधीच्या मात्रांची खात्री नसल्याने आता झालेली मात्रा पहिली धरली जाईल. दुसरी किमान चार आठवड्यांनी, तिसरी त्यानंतर सहा महिने ते वर्षभराने घ्यायची आहे. तीनही तारखा एका कार्डावर लिहून ते कार्ड त्यांच्या औषधांच्या डब्यात ठेवा, आणि आईंची शेवटची लस कधी झाली होती, तेही त्याच दिवशी विचारून घ्या.